लोणार डावीकडे की उजवीकडे?

मुंबईहून विमानाने नागपूरला निघालेल्या माणसाला वाटेत लोणारचं विवर पाहायचं असेल, तर त्याने उजवीकडची खिडकी घ्यावी. पुण्याहून नागपूरला जाणाऱ्याला तेच विवर डावीकडे सापडेल. नकाशावर मुंबई ते नागपूर सरळ रेघ मारली, तर लोणार त्या रेघेच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर येतं. पुणे ते नागपूर मारली, तर ते रेघेच्या उत्तरेला बारा-पंधरा किलोमीटरवर येतं. उतरायचं ठिकाण एकच, विमानंही बहुधा एकाच जातीची, तरी उत्तर अगदी उलट. वेब चेक-इन करताना बहुतेक जण जागा सवयीने निवडतात. कुणी कायम ‘ए’ घेतो, कुणी रिकामी दिसेल ती. ‘विमानात कोणती बाजू चांगली’ हा प्रश्न असा सरसकट विचारला, तर त्याला उत्तरच नाही. मात्र अमुक शहरातून तमुक शहराला, अमुक वाजता, अमुक महिन्यात असं विचारलं, तर नकाशा आणि घड्याळ समोर ठेवून बरंच नेमकं उत्तर काढता येतं, आणि त्यासाठी दहा मिनिटं पुरतात. ही दहा मिनिटं खर्च करावीत, कारण आपल्या मुलखाचा आकार इतक्या उंचीवरून पाहण्याची दुसरी संधी सामान्य माणसाला मिळत नाही. लोणारच्या काठावर उभं राहिलं की खोल दरी, झाडी आणि खारं पाणी दिसतं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते वर्तुळ किती रेखीव आहे आणि भोवतालच्या चौकोनी शेतांमध्ये किती वेगळं उठून दिसतं, हे मात्र वरूनच कळतं. काळ्या कातळावर अशनी आदळून ते तयार झालं, ही गोष्ट त्या क्षणी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आधी नकाशाचं पाहू. विमान साधारण दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातं. एवढ्या उंचीवरून क्षितिज हिशेबाने साडेतीनशे किलोमीटरांहूनही लांब असतं, पण तिथपर्यंत काही ओळखू येत नाही, कारण मध्ये धूळ आणि बाष्प असतं. उलट अगदी पोटाखालचंही दिसत नाही, कारण खिडकी बाजूला असते, तळाला नसते. म्हणजे मार्गापासून साधारण दहा ते पन्नास किलोमीटर बाजूला असलेला पट्टा हाच खरा पाहण्याचा प्रदेश. मुंबई-नागपूर रेघेवर हरिश्चंद्रगड जवळजवळ बरोबर खाली येतो, त्यामुळे तो दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना हुकण्याचीच शक्यता जास्त. कळसूबाई रेघेच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर आहे, म्हणून डावीकडे. पुढे पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, दक्षिणेला, म्हणून उजवीकडे, आणि लोणारही उजवीकडे. डाव्या हाताला राज्यातलं सर्वांत उंच शिखर, उजव्या हाताला जायकवाडीचं विस्तीर्ण पाणी आणि विवर, अशी ही निवड आहे. माझं मत उजवीकडे झुकतं. कळसूबाईच्या परिसरात विमान अजून चढत असतं आणि सह्याद्रीच्या गर्दीत एक शिखर नेमकं ओळखणं अवघड जातं. पाणी आणि वर्तुळ मात्र अनोळखी डोळ्यालाही चुकत नाहीत. तीस किलोमीटरवरून लोणार फार चिमुकलं दिसेल असं वाटू शकतं. प्रत्यक्षात हात लांब करून अंगठा उभा धरला, तर विवराची रुंदी त्या अंगठ्यापेक्षा जास्तच भरते. तिरकं पाहिल्यामुळे वर्तुळ चपटं होऊन लंबगोल दिसतं, इतकाच फरक. परतीच्या प्रवासात अर्थातच डावं-उजवं उलटतं. अक्षरांचं लक्षात ठेवायचं ते एवढंच, की विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसलं की ‘ए’ नेहमी डावी खिडकी. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ सारख्या सहा जागांच्या रांगेत ‘एफ’ ही उजवी. परदेशी जाणाऱ्या रुंद विमानांत उजव्या खिडकीला पुढचं एखादं अक्षर असतं, बहुधा ‘के’.

इथवरचं पुष्कळांना सुचतं. घड्याळाचा विचार मात्र फारच थोडे करतात, आणि माझ्या मते निम्मा आनंद तिथेच हुकतो. सूर्याच्या दिशेने पाहिलं की समोरची हवा पांढुरकी होते, खिडकीच्या काचेवरचे ओरखडे चमकू लागतात, डोंगरांच्या अंधाऱ्या बाजू आपल्याकडे असतात आणि रंग मरतात. सूर्य पाठीशी ठेवून पाहिलं की तोच मुलूख हिरवा, तांबडा, करडा असा वेगवेगळ्या रंगांत उघडतो. म्हणजे पाहायची वस्तू कुठल्या बाजूला आहे याइतकंच महत्त्व सूर्य कुठल्या बाजूला आहे यालाही आहे. सकाळी तो पूर्वेला आणि संध्याकाळी पश्चिमेला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुपारचं गणित अक्षांशावर ठरतं. कर्कवृत्ताच्या उत्तरेला, म्हणजे दिल्ली, काठमांडू, लंडन, न्यू यॉर्क अशा ठिकाणी, दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेला असतो. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. इथे हिवाळ्यात दुपारचा सूर्य स्पष्ट दक्षिणेला असतो, पण उन्हाळ्यात तो डोक्यावर येतो आणि काही आठवडे थोडा उत्तरेलाही जातो. त्यामुळे मे महिन्याच्या भर दुपारी मुंबईहून निघणाऱ्याला उजेडाच्या दृष्टीने दोन्ही बाजू सारख्याच. तेव्हा सगळंच सपाट आणि फिकट दिसतं, कारण सावल्या नसतात. डोंगराचे उंचसखल टप्पे डोळ्याला कळतात ते सावल्यांमुळे. म्हणून वेळ निवडण्याची मुभा असेल, तर सकाळी उजाडल्यानंतरचे किंवा सूर्यास्ताआधीचे दोन तास धरावेत. सह्याद्रीच्या कड्यांची एकावर एक चढलेली आडवी थरावळ त्या तिरप्या उन्हात जशी मोजता येते, तशी बारा वाजता येत नाही.

दिल्ली-काठमांडू हा मार्ग इतका नावाजलेला का, याचं उत्तर या हिशेबात आहे. विमान पूर्वेकडे, थोडं दक्षिणेला कलत जातं. हिमालयाची मुख्य रांग उत्तरेला, म्हणजे डावीकडे. सूर्य दक्षिणेला, म्हणजे उजवीकडे. डाव्या खिडकीतल्या प्रवाशाच्या पाठीशी सूर्य आणि समोर दक्षिणेचं ऊन अंगावर घेतलेली हिमशिखरं, ही जुळणी सकाळच्या विमानात टिकते, दुपारच्याही टिकते. धौलागिरी (८,१६७ मीटर), अन्नपूर्णा (८,०९१ मीटर) आणि मनास्लू (८,१६३ मीटर) ही तिन्ही शिखरं सरळ रेघेपासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर आहेत. पन्नास किलोमीटरांची मर्यादा इथे लागू पडत नाही, कारण धुरकटपणा साचतो तो खालच्या थरात आणि ही शिखरं त्याच्या कितीतरी वर निघालेली असतात. ती जवळजवळ नजरेच्या पातळीत दिसतात. काठमांडूला जाताना एव्हरेस्ट जवळून दिसतं अशी समजूत आहे, ती नीट तपासायला हवी. एव्हरेस्ट काठमांडूच्या पूर्वेला आणखी दीडशे किलोमीटरांहून लांब आहे, त्यामुळे दिल्लीच्या विमानातून ते फार तर दूर समोरच्या अंगाला दिसेल. एव्हरेस्ट आणि कांचनगंगा ही दोन्ही पाहायची असतील, तर दार्जिलिंग-सिक्कीमसाठीचं दिल्ली-बागडोगरा विमान जास्त बरं. जाताना डावीकडे, येताना उजवीकडे. कांचनगंगा ८,५८६ मीटर उंच आणि एव्हरेस्ट ८,८४८.८६ मीटर. एव्हरेस्टचा हा आकडा नेपाळ आणि चीन यांनी मिळून डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केला.

लेहचं उदाहरण याहून बारीक आहे, कारण तिथे दोन्ही बाजूंना डोंगरच आहेत. दिल्लीहून लेह जवळजवळ सरळ उत्तरेला येतं. डावीकडे पीर पंजाल, झांस्कर आणि लांबवर नुन-कुनची जोडशिखरं. लेह जवळ येताना हवा स्वच्छ असेल, तर त्याच बाजूला उत्तरेकडे काराकोरमची टोकं. उजवीकडे स्पितीचा मुलूख, बडा शिग्रीसारखी मोठी हिमनदी आणि लांब त्सो मोरिरी सरोवर. नुसत्या नकाशावरून इथे निकाल लागत नाही, तो घड्याळ लावतं. लेहचा विमानतळ सव्वातीन हजार मीटर उंचीवर, चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेला आहे. दुपारी खोऱ्यात जोरदार वारे सुटतात, शिवाय तापलेली विरळ हवा पंखांना पुरेसा आधार देत नाही. म्हणून तिथली बहुतेक उड्डाणं सकाळी उरकली जातात. सकाळी उत्तरेकडे जाताना सूर्य उजव्या हाताला असतो, तेव्हा उजवीकडच्या प्रवाशाला बर्फावरची झळाळी डोळ्यांत सोसावी लागते आणि डावीकडच्याला उजळलेल्या पूर्व उतारांवरची एकेक घळ दिसते. तेव्हा जाताना डावी बाजू. परतीचं विमानही बहुधा सकाळचंच, मग येताना उजवी. लेह काय, पुण्याचं लोहगाव काय किंवा गोव्याचं दाबोळी काय, हे संरक्षण दलांचे विमानतळ आहेत. तिथे फोटो काढायला मनाई असते आणि कर्मचाऱ्यांनी खिडकीची झडप खाली करायला सांगितली, तर ती करायची.

मुंबई-गोवा मार्गावर मात्र नकाशा आणि घड्याळ एकमेकांशी भांडतात, आणि म्हणूनच हा मार्ग मला सर्वांत शिकवणारा वाटतो. सरळ रेघ कोकणपट्टीवरूनच, किनाऱ्याच्या थोडी आतून जाते. उजवीकडे समुद्र, डावीकडे सह्याद्रीची भिंत. सकाळच्या विमानात सूर्य डावीकडून, घाटमाथ्याच्या मागून येतो. त्यामुळे सह्याद्री नुसता निळसर काळा आडवा पट्टा होतो, आणि उजवीकडचा किनारा स्वच्छ उजळतो. उड्डाणानंतर थोड्याच वेळात राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिऱ्याचा लंबगोल तट दिसतो, आणि मग खाड्यांची ओळ सुरू होते: बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, पुढे विजयदुर्ग. प्रत्येक खाडी मुखाशी रुंद आणि आत शिरताना वळणं घेत बारीक होत जाते. ओहोटी असेल, तर मुखाशी वाळूचे दांडे पाण्याखाली फिकट हिरवे दिसतात, आणि नदीचं गढूळ पाणी समुद्रात कुठवर शिरलं आहे, त्याची सीमारेषाही दिसते. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचे सडे, उन्हाळ्यात तांबूस-करडे आणि पावसाळ्यानंतर काही आठवडे हिरवे. रत्नागिरीहून मालवणला रस्त्याने जाताना चढ-उतार का करावे लागतात, खाडीपलीकडच्या समोर दिसणाऱ्या गावाला वळसा घालून इतका वेळ का लागतो, याचं सगळं कारण इथे एका नजरेत मांडलेलं असतं. संध्याकाळच्या विमानात पारडं फिरतं. सूर्य समुद्रावर असतो आणि उजवीकडे पाण्यावरची चकाकी सोडून फारसं काही दिसत नाही. डावीकडे मात्र पश्चिमेचं ऊन थेट सह्याद्रीच्या कोकणाकडच्या कड्यांवर पडतं, आणि ते कडे पश्चिमेकडेच तोंड करून उभे आहेत. तेव्हा गोव्याला सकाळी जाणाऱ्याने उजवी आणि संध्याकाळी जाणाऱ्याने डावी बाजू घ्यावी. सकाळी जाऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतणाऱ्याला दोन्ही वेळा उजवीच खिडकी धरावी लागेल. जाताना किनारा आणि येताना घाट असे दोन्ही त्याला दिसतील. ‘येताना बाजू उलटवावी’ हा सरसकट नियम इथे मोडतो.

या सगळ्यावर सर्वांत रास्त आक्षेप असा, की विमान सरळ रेघेवर जातच नाही. हे खरं आहे. हवाई मार्ग ठरलेल्या बिंदूंमधून जातात, लष्करी क्षेत्रं टाळावी लागतात, वादळी ढगांना वळसा घालावा लागतो, नियंत्रण कक्ष ऐनवेळी दिशा बदलायला सांगतो. मुंबई-गोवा विमान समुद्रावरून नेलं, तर किनारासुद्धा डावीकडे जाईल. पुणे-नागपूर मार्ग दहा-पंधरा किलोमीटर उत्तरेला सरकला, तर लोणार पोटाखाली येऊन दिसेनासं होईल. मोठ्या घडामोडींनीही मार्ग बदलतात. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणारी विमानं गुजरात-अरबी समुद्रावरून जाऊ लागली. जुन्या मार्गाच्या भरवशावर दिलेला सल्ला तेव्हा एका दिवसात निकामी झाला. तरीही या आक्षेपातून ‘विचार करूच नये’ असं निष्पन्न होत नाही. खूण मार्गाच्या जितकी जवळ, तितका धोका जास्त. हिमालयाची रांग शंभर किलोमीटरवर असेल, तर वीस किलोमीटरांच्या वळशाने तिची बाजू बदलत नाही. आणि जवळच्या खुणांसाठी अंदाजावर राहण्याची आता गरजही नाही. फ्लाइटरडार२४ सारख्या सेवेवर त्याच क्रमांकाच्या विमानाचे मागच्या काही दिवसांतले प्रत्यक्ष मार्ग पाहता येतात. चार दिवसांच्या चार रेघा एकाच बाजूने जात असतील, तर पाचव्या दिवशीही ती बाजू धरायला हरकत नाही. अशाच एखाद्या ॲपने थेट ‘डावी घ्या’ असं सांगितलं, तर हा खटाटोप कशाला, असंही कुणी म्हणेल. ॲपला जरूर विचारावं. पण त्याने कळसूबाई धरून उत्तर दिलं की लोणार धरून, हे ते सांगणार नाही. आपल्याला काय पाहायचं आहे, ते आपणच ठरवायला हवं.

चढण्या-उतरण्याच्या वेळेचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तेव्हा विमान खाली असतं आणि घरं, रस्ते, पूल ओळखू येतात. विमान वाऱ्याला सामोरं जाऊन चढतं आणि उतरतं. मुंबईत वारा बहुतांशी समुद्राकडून येतो, म्हणून मुख्य धावपट्टीवर विमानं बहुधा पूर्वेकडून ठाण्याच्या खाडीवरून, घाटकोपरच्या अंगाने उतरतात आणि पश्चिमेला जुहूच्या बाजूने समुद्रावर चढतात. उतरताना उजवीकडे पवई आणि विहार तलाव, त्यांच्यामागे राष्ट्रीय उद्यानाची झाडी. डावीकडे चेंबूर, तुर्भे आणि बंदराचं पाणी. चढताना डावीकडे वांद्रे, माहीमचा उपसागर आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू. मुंबईत पहिल्यांदा येणाऱ्या नातेवाइकाला मी उजवी बाजू सुचवेन. दोन कोटींच्या आसपास वस्तीच्या या महानगराच्या मधोमध एवढं जंगल आणि एवढं पाणी आहे, हे खालून फिरणाऱ्याला खरं वाटत नाही.

ढगांचं काय, हा दुसरा आक्षेप. पावसाळ्यात तासभर पांढऱ्या गादीखेरीज काही दिसत नाही, उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीत धुकं, एप्रिल-मेमध्ये धूळ. हिमालयासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगले, महाराष्ट्रासाठी पाऊस ओसरल्यानंतरचे आठवडे. तेव्हा हवा धुतलेली, धरणं भरलेली आणि दख्खन हिरवी असते. पण ढगांतही बाजू निवडण्याला अर्थ उरतो. सूर्याच्या विरुद्ध बाजूला बसलेल्याला खालच्या ढगांवर विमानाची सावली आणि तिच्याभोवती रंगीत कडं दिसू शकतं. हेच ते इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून खालच्या धुक्यात ते दिसल्याची नोंद कर्नल साईक्सच्या नावे १८३५ सालची सांगितली जाते. तिथे खालचं धुकं आणि मागून येणारं ऊन यांचा योग जुळून यावा लागतो. विमानातून तेच दृश्य बरंच सहज भेटतं. अट एवढीच, की सूर्य पाठीशी हवा आणि ढग खाली हवेत. सूर्याच्या बाजूला बसलेल्याला ते कधीच दिसणार नाही.

बाजू ठरल्यावर रांग ठरवायची राहते, आणि इथे चूक झाली तर वरचा सगळा हिशेब वाया जातो. एअरबस ३२० च्या मधल्या दहा-बारा रांगांतून खाली पाहिलं, तर बव्हंशी पंखच दिसतो. पंखाच्या पुढच्या रांगा सर्वांत चांगल्या. मागच्या रांगांतूनही खालचं दिसतं, पण इंजिनाच्या गरम झोतामुळे मागे राहिलेलं दृश्य थरथरतं आणि फोटो बिघडतो. छोट्या शहरांकडे जाणाऱ्या एटीआर ७२ या पंख्याच्या विमानात पंख खिडक्यांच्या वर असतो, म्हणून त्यात मधल्या रांगेतली खिडकीसुद्धा चालते. शिवाय ते कमी उंचीवरून, सावकाश जातं, तेव्हा पाहण्यासाठी त्यासारखं विमान नाही. बोइंग ७३७ च्या काही विमानांत डाव्या अंगाला एका रांगेला खिडकीच नसते, कारण तिथल्या भिंतीतून वातानुकूलनाची नळी वर जाते. अशा ‘खिडकीच्या’ जागा जादा पैसे घेऊन विकल्याबद्दल अमेरिकेत २०२५ मध्ये दोन मोठ्या विमान कंपन्यांवर दावे दाखल झाले. आपल्याकडेही पसंतीच्या जागेला बहुधा जादा पैसे पडतात. ज्याला दर आठवड्याला त्याच मार्गाने कामासाठी जावं लागतं, त्याने ते वाचवून वाटेकडची जागा घेतली, तर त्यात काही चुकलं नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला किंवा लहान मूल घेऊन निघालेल्या आईलाही तीच जागा सोयीची. पण पैसे भरून खिडकी घ्यायचीच असेल, तर ती घेण्याआधी नकाशावर एक रेघ मारावी, सुटण्याची वेळ पाहावी आणि सूर्य कुठे असेल ते ठरवावं. ‘ए’ की ‘एफ’ ते त्यानंतर निवडावं.